शिर्केबाई आणि तयार कुत्रा

शिर्केबाई मला पहिल्यांदा ओरडल्या त्या चपलांवरून. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. चपलांना चिखल लागला होता म्हणून मी त्या जिन्याच्या तोंडाशीच काढल्या आणि उरलेली खोकी वर नेली. परत खाली आलो तर तळमजल्याच्या दारात एक उंच, काटक बाई उभी. पांढरा सलवार-कमीज, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. वय सत्तरीच्या आसपास.

“या कोणाच्या?”

“माझ्या.”

“मग एकीचं तोंड इकडे आणि एकीचं तिकडे का? तुला दोन दिशांना जायचंय?”

मी काही बोलायच्या आत मागून माझी बायको मेधा जिना उतरत आली, तिने बाईंना पाहिलं आणि ती जागच्या जागी सावधान उभी राहिली. शाळा सोडून तिला पंचवीस वर्षं झाली होती.

“मेधा करंदीकर,” बाई म्हणाल्या, “पाठ सरळ.”

करंदीकर हे मेधाचं माहेरचं आडनाव, आणि बाई म्हणजे तिच्या खेळाच्या शिक्षिका. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर कवायत आणि खो-खो शिकवला. निवृत्त झाल्यावर पोरं मिळेनात म्हणून लोकांची कुत्री शिकवायला घेतली. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नसे. “कुत्रं बरं,” त्या म्हणायच्या, “त्याचे आईबाप भेटायला येत नाहीत.”

लग्न केलं नव्हतं. कारण विचारायची कोणाची छाती नव्हती, पण त्या न विचारताच सांगत. “तयार नवरा मिळेना, आणि कच्चा घेऊन शिकवायला मला वेळ नव्हता. संध्याकाळी खो-खोची प्रॅक्टिस असायची.”

सोसायटीत मराठी घरं चार, बाकी सगळी गुजराती. गुजराती लोक त्यांना ‘शिर्केबेन’ म्हणत, आम्ही ‘बाई’. ‘बेन’ म्हटलं की त्या इतक्या गोड गुजरातीत बोलायच्या की समोरच्याला आपण मावशीकडे आलोय असं वाटे. ‘बाई’ म्हटलं की आपण उशिरा आलोय असं वाटे.

कमीजच्या खिशात मेथीच्या खाखऱ्याचे तुकडे असत. कुत्र्याने सांगितलेलं ऐकलं की एक तुकडा त्याला, आणि त्याला शिकवण्यात बाई दमल्या की एक तुकडा बाईंना, त्याच खिशातून. कोणी बिस्किटं आणून दिली तर त्या परत करत. “बडोद्यातलं कुत्रं आहे. त्याला बिस्किटांचं काय कौतुक?”

त्यांचा स्वतःचा कुत्रा मात्र गावठी होता, तांबडा, एक कान पडलेला. त्याचं नाव ‘नको’. तो पिल्लू असताना फाटकातून आत शिरला तेव्हा जो तो “नको, नको!” म्हणून त्याला हाकलायला धावला. त्या प्राण्याचा समज झाला की हेच आपलं नाव आहे, आणि तो शेपटी हलवत प्रत्येकाकडे गेला. बाई म्हणाल्या, सगळ्या सोसायटीने मिळून बारसं केलंय, आता मी कशाला बदलू? यात अडचण एवढीच झाली की त्याला एखाद्या गोष्टीपासून थांबवायचं असलं तर ‘नको’ म्हणता येईना. म्हटलं की तो यायचा. शेवटी बाईंनी त्यासाठी गुजरातीतलं ‘ना’ वापरायला सुरुवात केली. त्याचाही फारसा उपयोग झाला नाही.

मुलगी शिकायला बाहेरगावी हॉस्टेलवर गेली आणि आमचं घर एकदम रिकामं झालं, तेव्हा मेधाने कुत्रा आणायचं ठरवलं. ती बँकेत, मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात व्हॉल्व तपासणारा माणूस. दोघंही सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. पिल्लाचं सगळं करायला वेळ कुणाला? म्हणून हालोल रस्त्यावरच्या एका केनेलमधून शिकवलेला, दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर घ्यायचं पक्कं केलं. ही बातमी बाईंना आपणच सांगितलेली बरी, म्हणून मी खाली गेलो.

“तयार? म्हणजे शिजवलेला?”

“ट्रेन केलेला, बाई. चौदा आज्ञा पाळतो.”

“तू किती पाळतोस?”

 दारात माझ्या चपला होत्या, त्या कशा काढल्यात हे मी आठवायचा प्रयत्न करत होतो.

“हे बघ सबनीस, पिल्लू आण. गादीवर मुतेल, बूट फाडेल, मेधाची एखादी चांगली साडी खाईल. तेव्हा कुठे ते तुझं होईल. आयता कुत्रा म्हणजे दुसऱ्याच्या अक्षरातला गृहपाठ. मी असले गृहपाठ तीस वर्षं पकडलेत.”

“पण शिकवणार कोण?”

“मी मेले नाहीये.”

“तुम्हाला कशाला त्रास,” मी म्हणालो. सभ्यपणा म्हणून म्हणालो असं आजवर सांगत आलोय. खरं म्हणजे बाई रोज घरी येणार, या कल्पनेनेच मी दारातल्या चपला सरळ करायला लागलो होतो.

केनेलमध्ये त्या लॅब्रॅडॉरने, सीझरने, आम्हाला अक्षरशः गार केलं. भरघोस मिशांचा एक उस्ताद होता. तो ‘सिट’ म्हणाला की सीझर बसे, ‘डाउन’ म्हणाला की आडवा होई, ‘हील’ म्हणाला की त्याच्या डाव्या गुडघ्याला चिकटून असा चाले की दोघांना एकच दोरा ओवलाय असं वाटावं. निघताना उस्तादाने चौदा आज्ञांचं लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. वॉशिंग मशीनबरोबरही एवढं नीट पुस्तक मिळत नाही.

घरी आणून मी म्हणालो, “सिट.”

सीझरने माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाकडे सरकारी कारकून बघतो तसं. मी मोठ्याने म्हणालो, लाडाने म्हणालो, मेधाने तिच्या इंग्लिश मीडियमच्या मैत्रिणीला फोन लावून तिच्याकडून म्हणवलं. सीझर उभाच. चार दिवस मी सोसायटीसमोरच्या मैदानात कार्ड हातात धरून त्याला वाचून दाखवत होतो, आणि बाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी नळवाला आला. पंपरूमकडे जाता जाता तो मैदानाच्या कडेला थांबला, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली आणि वर दोन टाळ्या मारल्या. सीझर ताडकन उठला, नळवाल्यासमोर गेला आणि छाती काढून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाई ओट्यावरून उठल्या. “परत मळ रे,” त्या नळवाल्याला म्हणाल्या. त्याने मळली. “आता म्हण, सिट.”

“सीट,” नळवाला म्हणाला, बसमध्ये जागा मागावी तसं. सीझर बसला.

“सबनीस, तो तुझा उस्ताद तंबाखू खायचा?”

मला आठवलं. खायचा. प्रत्येक आज्ञेच्या आधी तो तळहात चोळायचा. मला वाटलं होतं त्याची सवय असेल. सवय त्याचीच होती, पण शिकला होता कुत्रा. तळहात चोळला नाही तर पुढचा शब्द आपल्यासाठी नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्यानंतर काही दिवस मी भर रस्त्यात रिकामा तळहात मळून टाळ्या वाजवत होतो आणि सीझर चौदाच्या चौदा आज्ञा पाळत होता. आठवडाभरात अकोट्याला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंपर्यंत बातमी गेली की जावई हल्ली उघड्यावर तंबाखू मळतात. त्यांनी मेधाला फोन करून विचारलं, घरात काही टेन्शन आहे का?

“कुत्रा तयार आहे रे,” बाई म्हणाल्या. “तूच कच्चा आहेस. उद्या सहा वाजता मैदानात ये.”

असा मी शिर्केबाईंचा विद्यार्थी झालो. आधी पूर्ण तळहात चोळायचा, मग नुसता अंगठा फिरवायचा, मग अंगठा जरासा हलवायचा, मग तोही नाही. दोन महिने लागले. खाखऱ्याचा तुकडा सीझरला मिळायचा. मला फक्त ऐकून घ्यावं लागायचं. “एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगितलंस की पहिलं खोटं होतं.” “आवाज चढवू नकोस, तो बहिरा नाहीये, तू घाबरलायस.” आणि ‘स्टे’ शिकवताना तर त्यांनी माझा जीव काढला. सीझरला बसवायचं, ‘स्टे’ म्हणायचं, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि मग परत त्याच्यापर्यंत चालत येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. तेव्हाच तो सुटायचा. लांबून हाक मारली की हलायचं नाही, असं त्याला उस्तादाने पक्कं शिकवलं होतं.

“लांबूनच बोलावलं तर काय होतं?” मी एकदा कंटाळून विचारलं.

“थांब म्हणून तू सांगितलंस ना? मग परत जायची जबाबदारी तुझी. त्याची नाही.”

गंमत म्हणजे सगळ्या कारेलीबागेची कुत्री शिकवणाऱ्या बाईंचा नको कुणाचंच ऐकत नसे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पंकजभाई पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या घरातल्या हिंचक्यावर म्हणजे झोपाळ्यावर त्यांच्या आधी नको बसलेला असे. दार उघडं दिसलं की तो आत जाई, उडी मारून वर चढे आणि झोके घेई. पंकजभाईंनी हा विषय सोसायटीच्या मीटिंगला घेतला. मीटिंग अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, होती. पाच मिनिटांत तिची भाजीमंडई झाली. कुत्र्यांच्या बाजूचे, कुत्र्यांच्या विरोधातले, आणि कुत्रा राहू द्या पण पार्किंगचं काय ते बोला असे, सगळे एकदम उभे राहून ओरडायला लागले. बाईंनी शिट्टी फुंकली.

सगळे बसले. निम्मे त्यांचे माजी विद्यार्थी होते. उरलेले त्या निम्म्यांना बघून बसले. पंकजभाईसुद्धा बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या मीटिंगचे आपणच अध्यक्ष आहोत. उभा राहिला होता फक्त नको.

“शिर्केबेन,” पंकजभाई संतापून म्हणाले, “तमारो कूतरो तमारुं ज नथी सांभळतो!” तुमचा कुत्रा तुमचंच ऐकत नाही!

“पंकजभाई,” बाई त्या गोड गुजरातीत म्हणाल्या, “तो माझा कुत्रा आहे. विद्यार्थी नाही.”

ठराव बारगळला. खाली येताना मी बाईंना विचारलं, खरंच का शिकवलं नाहीत त्याला? त्या म्हणाल्या, “रस्ता ओलांडायला शिकवलंय. लोकांच्या ताटात तोंड घालायचं नाही एवढं शिकवलंय. बाकी त्याची अक्कल त्याला आहे. सगळंच मी शिकवलं तर तो करणार काय?”

त्यानंतरच्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोद्याच्या माणसाला पुराचं काही शिकवावं लागत नाही. वरून पाणी सोडलं की नदी चढते, नदी चढली की रस्ते बुडतात, आणि रस्ते बुडले की नदीतल्या मगरी आपल्यासारख्याच बाहेर फिरायला निघतात. त्या दिवशी सकाळपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मगरींचे फोटो येत होते. त्यातले निम्मे मागच्या पुरातले होते, पण कुठले निम्मे ते कळायला मार्ग नव्हता.

कारखान्याला सुट्टी होती. दुपारी पाणी फाटकापर्यंत आलं तेव्हा मी सीझरला फिरवत होतो. स्कूटर उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावायला सगळ्यांची धावपळ उडाली. मी सीझरला इमारतीच्या मागे पंपरूमच्या ओट्यावर बसवलं, ‘स्टे’ म्हणालो आणि पळालो. माझी स्कूटर नेली, मेधाची नेली, पंकजभाईंची नेली. परत आलो तोवर पाणी गुडघ्यापर्यंत. मग बाईंचा तळमजला रिकामा करायचा होता. गॅसचं सिलेंडर, कपाटातले कपडे, आणि शेवटी स्वतः बाई, ज्यांचं म्हणणं “मी इथेच टेबलावर बसते” असं होतं, या सगळ्यांना आम्ही दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी आणलं. मी पंख्याखाली बसून चहाचा पहिला घोट घेतला.

“सीझर कुठाय?” मेधाने विचारलं.

मागच्या खिडकीतून दिसलं. पंपरूमचा ओटा पाण्याखाली गेला होता. त्यावर सीझर, मी बसवला होता तसाच, ताठ बसलेला. पाणी त्याच्या छातीपर्यंत. तो मी गेलो त्या कोपऱ्याकडे बघत होता.

“सीझर! ये! कम!” मी ओरडलो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हलला नाही. मी चौदाही आज्ञा ओरडलो. मेधा ओरडली. खालच्या खिडकीतून पंकजभाई गुजरातीत ओरडले. सीझर आमच्याकडे बघत बसून राहिला आणि पाणी चढत होतं.

“वरून काय बोंबलताय,” मागून बाईंचा आवाज आला. मी वळलो तोवर त्या जिन्यात होत्या.

मी त्यांच्यामागे धावलो. जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पाणी गढूळ, कुठे खड्डा आहे कळत नव्हतं, आणि सकाळपासून पाहिलेले सगळे फोटो माझ्या डोळ्यांपुढे एकदम आले. मी तिसऱ्या पायरीवर थांबलो. मला कोणीही ‘स्टे’ म्हटलं नव्हतं.

बाई गेल्या. कमरेएवढ्या पाण्यात, भिंतीला धरून, कोपऱ्यावरून मागे वळल्या. मग मला काही दिसलं नाही, पण खिडकीतून मेधाला दिसलं, तिनेच सांगितलं. बाई सीझरपर्यंत पोचल्या. काही बोलल्या नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याबरोबर त्याने पाण्यात उडी मारली, पोहत कोपऱ्यावरून आला आणि माझ्या अंगावर चढून मला पायऱ्यांवर आडवं केलं. मग अंग झाडलं. बाई त्याच्यामागून हळूहळू चालत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त एक बूट पायात नव्हता.

“खाली काहीतरी लोखंड होतं,” त्या म्हणाल्या. “लागलं थोडं.” आणि मग, “नको कुठाय?”

नको पाणी चढायला लागलं तेव्हाच वर गेला होता. पंकजभाईंच्या हिंचक्यावर झोके घेत होता. त्या दिवशी पंकजभाईंनी त्याला उठवलं नाही. शेजारी थोडी जागा करून स्वतः बसले.

बाईंना साखरेचा आजार आहे हे आम्हाला हॉस्पिटलात कळलं. त्यांनी तो शाळेच्या डॉक्टरी तपासणीपासून लपवला होता, सवयीने आमच्यापासूनही. जखम भरेना. तीन आठवड्यांनी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला गेलो. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, “बाई, मी जायला हवं होतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढचं वाक्य नव्हतं. मग पायाकडे बघत म्हणाल्या, “दहातली आठ आहेत. आठवर मी खूप लोकांना पास केलंय. तो संत्र्याचा रस इकडे दे, आणि नर्स आली तर सांग तू प्यायलास.”

घरी आल्या तेव्हा चालताना तोल जायचा. एका हातात काठी घेतली तरी दुसऱ्या बाजूला काहीतरी लागायचं. नकोला साखळी लावून पाहिली. त्याने त्यांना पहिल्याच दिवशी गटाराकडे ओढत नेलं. माणसाचा हात धरायला त्या तयार नव्हत्या. मी एक दिवस सीझरला घेऊन खाली गेलो, त्यांच्या डाव्या हाताला उभं केलं आणि म्हणालो, “हील.” बाईंनी एक पाऊल टाकलं, त्याने एक टाकलं. त्या थांबल्या, तो थांबला. त्या अडखळल्या तेव्हा त्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तो दगडासारखा उभा राहिला.

मैदानाची एक फेरी झाल्यावर मी म्हणालो, “काय बाई? तयार कुत्रा.”

“तो उस्ताद तंबाखू खायचा,” बाई म्हणाल्या, “पण काम चोख करायचा.” एवढी स्तुती त्यांनी माझ्यासमोर कुणाचीच केली नव्हती. रोज सकाळी मी कारखान्यात जायच्या आधी सीझरला खाली सोडायचो आणि ती जोडी फिरायला निघायची, पुढे नको, मोकळा, प्रत्येक खांबाची चौकशी करत.

नको दुसऱ्या हिवाळ्यात गेला. तेरा-चौदा वर्षांचा झाला होता. बाईंनी त्याच्याबद्दल काही बोलणं टाळलं आणि आम्हीही टाळलं. पण त्यांचं घर संध्याकाळी फारच शांत वाटायला लागलं. मेधा म्हणाली, त्यांना एखादं पिल्लू आणून देऊ. मी विचारायला गेलो.

“किती जगतं कुत्रं?” बाईंनी विचारलं.

“बारा-तेरा वर्षं.”

“मी किती जगेन?”

मी व्हॉल्व तपासणारा माणूस. असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.

“मग? मी गेल्यावर ते दारात बसून राहील. असला प्रकार मला चालायचा नाही.”

विषय संपला असं मला वाटलं. पण होळीच्या आधी एका संध्याकाळी घरी आलो तर बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक काळंपांढरं पिल्लू. मैदानातल्या कुत्रीला चार झाली होती, त्यातलं एक उरलं होतं.

“बाई, तुम्हीच म्हणालात ना...”

“ऐकून घे. हे माझं नाहीये. तुझं आहे. सीझरही कधीतरी म्हातारा होणार, तुला पुढे लागेलच. फक्त मुतायचं कुठे ते त्याला शिकवायला तुम्हा दोघांना वेळ नाही, म्हणून तेवढं मी करते. नाव तू ठेव, हाका तुला मारायच्यात.”

मेधाने त्याचं नाव चिकू ठेवलं. तो राहायचा बाईंकडे, खायचा बाईंकडे, बाईंच्या चटईवर मुतायचा आणि बाईंचे बूट फाडायचा. पण शिकवायची वेळ झाली की बाई मला खाली बोलावत. शब्द माझे, आवाज माझा, तुकडाही माझ्याच हातून. त्या बाकावर बसून मला हातवारे करत. सात महिने, रोज संध्याकाळी, कारखान्यातून आल्यावर चहासुद्धा न घेता. एकदा मी कंटाळून म्हणालो, तुम्हीच शिकवा ना, तुमचं तो लगेच ऐकतो.

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “तुला मी एक तयार कुत्रा देणार आहे सबनीस. पण तुझ्यासाठी तयार केलेला. नाहीतर परत तुझी तंबाखू सुरू.”

दिवाळीनंतर मला कामासाठी चार दिवस राजकोटला जावं लागलं. मी परत यायच्या आत बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी.

मैदानात त्या बाकावर बसल्या होत्या, चिकू त्यांच्या पायाशी. मला म्हणाल्या, त्या लिंबाच्या झाडापर्यंत जा आणि तिथून हाक मार. मी गेलो. “चिकू, ये,” म्हणालो. एकदाच म्हणालो. तो उठला, धावत निघाला, आणि निम्म्या वाटेवर थांबला. त्याने मागे वळून बाईंकडे पाहिलं. जाऊ का, असं विचारावं तसं.

बाईंनी मान फिरवली. बाकावर बसल्या बसल्या पूर्ण वळून त्या पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. चिकू बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मी दुसरी हाक मारली नाही. मग तो वळला आणि माझ्याकडे आला, आधी चालत, मग धावत, आणि माझ्या पायांवर आदळला. मी त्याला उचललं.

“बाई, आला!” मी ओरडलो.

“दिसलं मला,” भिंतीकडेच बघत बाई म्हणाल्या. “आता उभा काय राहिलायस? घेऊन जा वर.”